पिठाच्या गिरणीतील गणिती : जॉर्ज ग्रीन (1793–1841)



जुन्या नाशकात पहाटेच्या नमाजाला निघालेल्या माणसाला पहिला वास येतो तो भट्टीतल्या पावाचा. भट्टीच्या दाराशी पिठाने पांढरा झालेला एखादा मुलगा वडिलांच्या हाताखाली पत्र्याचे ट्रे ओढत असतो. वय नऊ-दहा, फार तर अकरा. हाच मुलगा तीन तासांनी वर्गात येतो, बाकावर डोके टेकतो आणि झोपी जातो. मग एक दिवस तो यायचाच बंद होतो. आपण शिक्षक मंडळी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे आडवी रेघ ओढतो आणि पुढच्या नावाकडे वळतो.

ही रेघ ओढताना मला इंग्लंडमधील अशाच एका मुलाची आठवण होते. त्याचे वडीलही पाववाले होते, आणि त्याच्या शाळेच्या पटावरही वयाच्या नवव्या वर्षी अशीच रेघ पडली होती. त्याचे नाव जॉर्ज ग्रीन. पदार्थविज्ञानाच्या वरच्या वर्गात जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव आज भेटते. विजेच्या शास्त्रात आपण विभव, इंग्रजीत पोटेन्शिअल, हा जो शब्द रोज उच्चारतो त्याला शास्त्रात जागा देणारा पहिला लेखक हाच. त्याचे चरित्र आपल्या स्मरणिकेतून सांगावे असे फार दिवस मनात होते. मी गणित विषय घेऊन बी.ए. झालो, प्रयोगशाळेचा माणूस नव्हे. तेव्हा शास्त्राचा भाग मला जसा समजला तसा, घरगुती उदाहरणांनी सांगतो. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

इंग्लंडच्या मध्यभागी नॉटिंगहॅम नावाचे शहर आहे. तेथे जुलै 1793 मध्ये जॉर्जचा बाप्तिस्मा झाला. वडिलांचे नावही जॉर्जच. आईचे नाव सेअरा. धाकटी एक बहीण. तो काळ फ्रान्सशी चाललेल्या युद्धाचा आणि धान्याच्या महागाईचा होता. पाव महागला की जमावाचा राग आधी पाववाल्याच्या दुकानावर निघे. अशा दिवसांत मार्च 1801 मध्ये, आठव्या वर्षी, मुलाला रॉबर्ट गुडएकर यांच्या शाळेत घातले. गुडएकरांना गणिताची आणि शास्त्रीय उपकरणांची आवड होती. पण 1802 च्या उन्हाळ्यात मुलाचे नाव काढले गेले. जेमतेम सव्वा वर्ष. पुढे वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत जॉर्ज ग्रीन यांनी कोणत्याही शाळेची पायरी चढली नाही.

वडील कष्टाळू होते आणि धंद्यात हुशारही. 1807 साली त्यांनी शहराला लागून असलेल्या स्नेन्टन या गावाच्या टेकडीवर विटांची एक उंच पवनचक्की बांधली. आता पाववाल्याचा मुलगा गिरणीवालाही झाला. (पवनचक्की म्हटली की आपल्याला युरोप आठवतो; पण 10व्या शतकातील भूगोलकार अल्-इस्तख्री याने इराणकडील सिस्तान प्रांतातल्या पवनचक्क्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे, तेव्हा युरोपात त्यांचा मागमूस नव्हता. सिस्तानच्या चक्क्यांचा आस उभा असे, युरोपातल्यांचा आडवा.) अशा गिरणीत धान्याची पोती साखळीने ओढून वरच्या मजल्यावर नेतात. तेथून धान्य आपल्याच वजनाने खाली जात्यात उतरते आणि पीठ होऊन आणखी खाली पडते. वर चढवायला वारा लागतो, खाली यायला काही लागत नाही. जॉर्जचे तारुण्य या चढ-उतारात गेले.

येथे चरित्र थोडे बाजूला ठेवून त्या पोत्याकडे पाहू. 50 किलोचे पोते 1 मीटर वर चढवले तर सुमारे 490 ज्यूल काम करावे लागते. ते काम वाया जात नाही, पोत्याच्या उंचीत साठून राहते. त्यालाच आपण स्थितिज ऊर्जा म्हणतो. 2 मीटरवर 980, 3 मीटरवर 1470. आता प्रश्न उलटा विचारा. एखाद्याने मला पोते दाखवलेच नाही, वजनही सांगितले नाही, केवळ उंची आणि ऊर्जा यांचे कोष्टक हातात दिले, तर पोत्यावर किती बल आहे हे मला सांगता येईल काय? येईल. दर मीटरला ऊर्जा 490 ज्यूलने वाढते, म्हणजे बल 490 न्यूटन. आणि दिशा? ऊर्जा ज्या बाजूला कमी होते त्या बाजूला, म्हणजे खाली. गणिताच्या भाषेत, स्थितिज ऊर्जेचे अंतराच्या संदर्भात विकलन करा आणि पुढे उणे चिन्ह द्या, बल मिळाले.

पोत्याचे उदाहरण फार सोपे, कारण तेथे बल सगळीकडे सारखे. ताणकाट्यातली स्प्रिंग घ्या. समजा ती 1 सेंटिमीटर ताणल्यावर तिच्यात 0.01 ज्यूल ऊर्जा साठते. 2 सेंटिमीटरला 0.04, तीनला 0.09, चारला 0.16. येथे वाढ सारखी नाही. 3 सेंटिमीटरपाशी बल किती हे पाहायचे तर त्याच्या दोन्ही बाजूंना बघावे. 2 पासून 4 पर्यंत ऊर्जा 0.12 ज्यूलने वाढली, अंतर 0.02 मीटर. भागाकार 6. म्हणजे 6 न्यूटन, आणि ओढ आतल्या बाजूला. हीच रीत 1 सेंटिमीटरपाशी लावली तर 2 न्यूटन येतात. जितके ताणावे तितकी ओढ वाढते, हे कोष्टकानेच सांगितले, स्प्रिंगला हात न लावता.

विद्यार्थी येथे एक चूक हमखास करतात, मीही केली होती. जेथे ऊर्जा जास्त तेथे बल जास्त, असे त्यांना वाटते. तसे नाही. अंजनेरीच्या पठारावर तळे आहे. ते पाणी नाशिक शहरापेक्षा कितीतरी उंचावर आहे, पण सपाटीवर असल्यामुळे स्वस्थ आहे. उलट कसारा घाटाचे पाहा. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला जादा इंजिने लावून वर ढकलत आणतात हे आपण सर्वांनी ऐकले-पाहिले आहे. त्या घाटाचा चढ दर 37 मीटरला 1 मीटर असा आहे. म्हणून 1000 टनांच्या गाडीला मागे ओढणारे बल जवळपास 27 टन वजनाइतके होते. हीच गाडी इगतपुरीच्या फलाटावर उभी राहिली की उंची अधिक, पण मागे ओढणारे कोणी नाही. बल उंचीत नसते, उतारात असते. म्हणूनच उंची कोठून मोजायची यालाही महत्त्व नाही. समुद्रसपाटीपासून मोजा किंवा कसारा स्टेशनपासून मोजा, आकडे बदलतील, उतार तोच राहील. आणि जेथे उतार शून्य, तेथे बल शून्य. अशी जागा खळग्याच्या तळाशी असेल तर वस्तू ढळली तरी परत येते; टेकडीच्या माथ्यावर असेल तर एकदा ढळली की गेली.

आता ग्रीन यांच्याकडे परत येऊ. त्यांच्या काळी शास्त्रज्ञांपुढे वीज आणि चुंबकत्व यांचा प्रश्न होता. एखाद्या धातूच्या गोळ्यावर विद्युतभार पसरलेला असेल तर जवळच्या प्रत्येक बिंदूवर त्याचे बल किती आणि कोणत्या दिशेला? बलाला दिशा असते, म्हणून प्रत्येक बिंदूसाठी तीन आकडे काढावे लागतात: पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण आणि वर-खाली. हजारो ठिकाणांहून येणारी ओढ, तिच्या दिशा सांभाळून एकत्र करायची म्हणजे गणिताचे जंगल. यातून सुटकेची वाट अशी की, प्रत्येक बिंदूला बल न देता एकच आकडा द्यावा. त्या आकड्याला दिशा नाही, म्हणून बेरीज सरळ. मग त्या आकड्यांचा उतार ज्या दिशेला हवा त्या दिशेला काढला की बलाचे तीनही भाग आपोआप मिळतात. डोंगराच्या नकाशावर समान उंचीच्या रेषा काढलेल्या असतात, तसेच हे. रेषा दाट तेथे चढ खडा, विरळ तेथे सौम्य.

न्यायाने सांगायचे तर ही युक्ती सर्वस्वी ग्रीन यांची नव्हे. लाग्रांज आणि लाप्लास या फ्रेंच गणितींनी ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणासाठी असे फलन वापरले होते आणि प्वासाँ यांनी ते विजेकडे वळवले होते. ग्रीन यांनी त्याला विभव-फलन असे नाव दिले, त्यालाच मध्यभागी ठेवून विजेचे आणि चुंबकत्वाचे सारे गणित त्याच्याभोवती रचले, आणि एक सर्वस्वी नवा सिद्धान्त दिला. बंद जागेच्या आत काय चालले आहे आणि तिच्या पृष्ठभागावर काय चालले आहे, यांचे नाते तो सिद्धान्त सांगतो. खोलीच्या भिंतींवरचा विभव आणि आतला विद्युतभार माहीत झाला, की खोलीतल्या प्रत्येक बिंदूचा विभव ठरून जातो. एका बिंदूवर एकच भार ठेवला तर काय होईल हे एकदा काढून ठेवायचे आणि मग त्याच्याच बेरजेने कोणत्याही मांडणीचे उत्तर मिळवायचे, ही रीतही त्यांचीच. तिला आज ग्रीन-फलन म्हणतात. स्थितिज ऊर्जा हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता, तो रँकिन यांनी 1853 साली योजला. नंतर या दोन कल्पना जुळल्या, आणि एकक भारामागची स्थितिज ऊर्जा म्हणजे विभव, असे आपण मुलांना सांगू लागलो.

सव्वा वर्ष शिकलेल्या गिरणीवाल्याला हे फ्रेंच गणित कोठून मिळाले? नॉटिंगहॅमच्या ग्रामर स्कूलचे मुख्याध्यापक जॉन टॉपलिस यांनी लाप्लासच्या ग्रंथाच्या आरंभीच्या भागाचे इंग्रजी भाषांतर करून ते 1814 साली नॉटिंगहॅमलाच छापले होते. इंग्लंडमधील गणिती तेव्हा न्यूटनच्या जुन्या पद्धतीला चिकटून बसले होते आणि युरोपच्या मागे पडले होते. टॉपलिस यांना याची खंत होती. आणि दुसरे साधन म्हणजे वाचनालय. शहरात 1816 साली वर्गणीदारांचे एक वाचनालय निघाले होते. ते पुढे ब्रॉम्ली हाऊस नावाच्या इमारतीत गेले. 1823 साली, तिसाव्या वर्षी, ग्रीन त्याचे सभासद झाले. तेथे लंडनच्या रॉयल सोसायटीची नियतकालिके येत. दिवसा गिरणी, रात्री वाचन. गिरणीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर ते अभ्यास करीत असे सांगतात. आपल्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 साली स्थापन झाले, म्हणजे तेही ग्रीन यांच्या हयातीतच. अशा संस्था सुरू करणाऱ्यांना आपण कोणासाठी पुस्तके मांडतो आहोत हे त्या वेळी ठाऊक नसते.

त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी लपवून काही उपयोग नाही. गिरणीचे व्यवस्थापक विल्यम स्मिथ यांची मुलगी जेन हिच्याशी त्यांचा संबंध होता. तिच्यापासून त्यांना सात मुले झाली, पण त्यांनी लग्न कधी केले नाही. आपल्याला हे पटणारे नाही आणि मीही त्याचे समर्थन करीत नाही. मात्र मृत्युपत्रात त्यांनी जेन आणि मुलांची तरतूद केली, हेही नोंदवले पाहिजे.

मार्च 1828 मध्ये ग्रीन यांनी आपला निबंध नॉटिंगहॅमलाच छापून घेतला. विद्युत आणि चुंबकत्व यांच्या उपपत्तींना गणिती विश्लेषण लावण्याविषयी, असे त्याचे लांबलचक नाव. एकूण 51 वर्गणीदार मिळाले, किंमत साडेसात शिलिंग. यांतले बहुतेक जण वाचनालयाचे सभासद. शेजाऱ्याने पुस्तक काढले आहे, घेतले पाहिजे, म्हणून घेतलेले. कितीजणांना पहिल्या चार पानांपलीकडे काही कळले असेल याची शंकाच आहे. आपल्या गावात कोणी कवितासंग्रह छापला की काय होते हे वाचकांना माहीत आहे, तशातलाच प्रकार. कोणत्याही विद्वत्सभेत त्या निबंधाची चर्चा झाली नाही.

वर्गणीदारांत एक नाव मात्र वेगळे होते. लिंकनशायरचे जमीनदार सर एडवर्ड ब्रॉमहेड हे स्वतः केंब्रिजला गणित शिकलेले होते. त्यांनी निबंध वाचला आणि ग्रीन यांना ताबडतोब पत्र लिहिले: पुढे काही लिहिलेत तर ते मोठ्या विद्वत्सभांकडे पोचवण्याची जबाबदारी माझी. ग्रीन यांनी या पत्राला उत्तर दिले नाही. असली पत्रे मोठी माणसे निव्वळ शिष्टाचार म्हणून लिहितात, आपण लगेच उत्तर दिले तर उद्धटपणा दिसेल, असे ओळखीच्यांनी त्यांना सांगितले होते. ते ऐकून हा मनुष्य जवळजवळ दोन वर्षे गप्प बसला. जानेवारी 1830 मध्ये केव्हातरी खरा प्रकार कळला, तेव्हा त्यांनी संकोचाने क्षमा मागून पत्र लिहिले.

मला या चरित्रातला सर्वांत चटका लावणारा भाग हाच वाटतो. गरिबी तर त्यांना फारशी नव्हती. 1829 च्या जानेवारीत वडील वारले आणि गिरणी, घरे, जमीन सर्व त्यांच्याकडे आले. बुद्धीला कमतरता नव्हती, पुस्तकेही मिळत होती. तरी हा मनुष्य दोन वर्षे एका पत्राचे उत्तर लिहू शकला नाही, कारण शिकलेल्या माणसांच्या जगात कसे बोलावे, कोणाचे खरे मानावे, हे सांगणारा त्याच्याजवळ कोणी नव्हता. ग्रीन यांचे उदाहरण देऊन काही लोक म्हणतात, शाळा नसली तरी हुशार मूल पुढे येतेच. मला हे मुळीच मान्य नाही. ज्या वयात गणिती माणसाची बुद्धी सर्वांत तल्लख असते ती वर्षे त्यांनी पोती मोजण्यात घालवली. पहिला निबंध आला तो पस्तिसाव्या वर्षी, आणि त्यानंतर आयुष्य उरले होते तेरा वर्षे. आपल्या वस्तीतला जो मुलगा आठवीनंतर गॅरेजमध्ये जातो, त्याला वाचनालयाची वर्गणी भरणे परवडत नाही आणि त्याच्यापर्यंत कोणा ब्रॉमहेडचे पत्रही येत नाही. त्याच्यासाठी संध्याकाळी दिवा असलेली एक खोली, चार पुस्तके आणि शंका विचारायला एक माणूस एवढे तरी आपल्या संस्थेने ठेवावे, ही माझी कार्यकारी मंडळाला जुनीच विनंती आहे. या निमित्ताने पुन्हा करतो.

ब्रॉमहेड यांनी शब्द पाळला. त्यांच्यामार्फत ग्रीन यांचे तीन निबंध केंब्रिज आणि एडिंबरो येथील विद्वत्सभांकडे गेले आणि छापले गेले. मग त्यांनीच आग्रह धरला की ग्रीन यांनी केंब्रिजला जावे. ऑक्टोबर 1833 मध्ये, चाळिसाव्या वर्षी, गिरणी भाड्याने देऊन ग्रीन केंब्रिजच्या कीझ कॉलेजात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी म्हणून बसले. सभोवती अठरा-एकोणीस वर्षांची मुले. गणिताची भीती नव्हती. भीती होती ग्रीक आणि लॅटिनची, कारण त्या भाषांतही पास व्हावे लागे.

1837 च्या परीक्षेत ते चौथे रँग्लर आले. रँग्लर हा शब्द महाराष्ट्राला परका नाही. केंब्रिजच्या या गणिती परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणतात, आणि 1899 साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनिअर रँग्लर झाल्यापासून तो आपल्या घराघरात गेला. ग्रीन यांच्या वर्षी दुसरे आलेले जे. जे. सिल्व्हेस्टर हेही पुढे जगप्रसिद्ध गणिती झाले. पण ते ज्यू होते. पदवी घेण्यासाठी इंग्लंडच्या राजधर्माच्या कलमांवर सही करावी लागे, ती त्यांनी केली नाही, म्हणून दुसरा क्रमांक येऊनही केंब्रिजने त्यांना पदवी दिली नाही. ही अट 1871 साली कायद्याने उठली आणि पुढच्या वर्षी, 1872 साली, सिल्व्हेस्टर यांना ती पदवी मिळाली. पस्तीस वर्षांनी! शिक्षणाची दारे कोणासाठी कशी बंद असू शकतात याचे दोन नमुने एकाच निकालपत्रात शेजारी-शेजारी आहेत. एकाला पाच पायऱ्या चढायला तीस वर्षे लागली, दुसऱ्याला शेवटची पायरी चढू दिली नाही.

पदवीनंतरच्या दोन-अडीच वर्षांत ग्रीन यांनी ध्वनी, प्रकाश आणि कालव्यातील लाटा यांवर निबंध लिहिले. प्रकाशावरचा 1837 चा निबंध आपल्या विषयाला धरून आहे. प्रकाश ज्या माध्यमातून जातो त्याचे कण एकमेकांना कसे ओढतात-ढकलतात हे कोणालाच ठाऊक नव्हते. फ्रेंच गणिती त्याविषयी निरनिराळी गृहीते करीत. ग्रीन यांनी वेगळाच मार्ग धरला. ते कण कसे वागतात याचा तर्क करूच नका. एवढेच माना की माध्यम दाबले, ताणले किंवा मुरडले असता त्यात निर्माण होणारी सर्व बले एकाच फलनापासून निघतात. वर आपण स्प्रिंगचे जे कोष्टक केले तेच, पण आता एकाच दिशेच्या ताणाऐवजी सर्व दिशांच्या ताणाचे. एवढ्या गृहीतावरून त्यांनी दाखवले की कोणत्याही स्थितिस्थापक घन पदार्थाचे वागणे वर्णन करायला जास्तीत जास्त 21 स्थिरांक पुरतात. प्रकाशाचे ते माध्यम पुढे शास्त्राने टाकून दिले, पण 21 स्थिरांक राहिले. पूल, धरण, विमानाचा पंख यांच्या सामग्रीचा हिशेब करणारा अभियंता त्याच फलनापासून सुरुवात करतो.

1839 साली कीझ कॉलेजने त्यांना फेलो निवडले. फेलो अविवाहित असावा असा तेव्हा नियम होता, आणि कागदोपत्री ग्रीन अविवाहितच होते. आता कोठे बसून काम करायची सोय झाली होती. पण प्रकृती ढासळली. 1840 साली ते नॉटिंगहॅमला परत आले, जुलैत मृत्युपत्र केले आणि 31 मे 1841 रोजी स्नेन्टन येथे वारले. वय 47. गिरणीसमोरच्या सेंट स्टीफन चर्चच्या आवारात त्यांना पुरले. गावच्या वर्तमानपत्राने चार ओळींची बातमी दिली. त्यांचे एकही चित्र उपलब्ध नाही.

येथे ही कथा संपायची, पण चार वर्षांनी केंब्रिजचा एक विद्यार्थी त्या निबंधाच्या शोधात होता. त्याचे नाव विल्यम थॉमसन; पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून सर्वांना माहीत झालेले. एका लेखात त्यांनी ग्रीन यांच्या निबंधाचा नुसता उल्लेख वाचला होता आणि तो निबंध त्यांना कोठेच सापडत नव्हता. जानेवारी 1845 मध्ये परीक्षा देऊन ते पॅरिसला निघाले होते. जाण्यापूर्वी आपले शिक्षक विल्यम हॉपकिन्स यांच्याजवळ सहज विषय काढला, तर हॉपकिन्स यांच्या कपाटातच प्रती होत्या! त्यांनी थॉमसन यांना दोन दिल्या. वीस वर्षांच्या या तरुणाने तो निबंध पॅरिसला नेला आणि लिऊव्हील या मोठ्या गणितज्ञाला दाखवला. थॉमसन यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, थोड्याच दिवसांत स्टर्म हे दुसरे गणिती त्यांच्या खोलीवर आले, निबंधाची पाने घाईघाईने उलटली, आणि आपण काढलेला एक सिद्धान्त तेथे कितीतरी वर्षे आधी छापलेला पाहून थक्क झाले. थॉमसन यांनी निबंध जर्मनीतील क्रेले यांच्या नियतकालिकात छापण्याची व्यवस्था केली. तो 1850, 1852 आणि 1854 अशा तीन हप्त्यांत आला. 1871 साली फेरर्स यांनी ग्रीन यांचे सर्व लेखन एका ग्रंथात संपादित केले. मॅक्सवेल यांच्या विद्युतशास्त्रात विभव मध्यवर्ती झाला, आणि विसाव्या शतकात सूक्ष्म कणांचे शास्त्र घडवणाऱ्या श्विंगर यांनी ग्रीन-फलन हे आपले नित्याचे हत्यार केले. त्यांना फाइनमन आणि तोमोनागा यांच्याबरोबर 1965 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गिरणी मधल्या काळात बंद पडली, पाती गेली, 1947 साली आगीत आतले लाकूडकाम जळाले आणि नुसता विटांचा मनोरा उरला. पुढे नॉटिंगहॅमच्या लोकांनी वर्गणी जमवली, नगरपालिकेने मदत केली, आणि 1985 साली ती जागा मुलांसाठी विज्ञानकेंद्रासह खुली झाली. पुढच्या वर्षी पात्यांना वारा लागून जाती पुन्हा फिरू लागली. जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, 1993 साली, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये न्यूटनच्या समाधीजवळ ग्रीन यांच्या नावाचा दगड बसवण्यात आला.